गोल्फचा हँडिकॅप: कच्च्या खेळाडूच्या नावावर फटके जमा होतात कसे?

शंकरपटात कोणतीही जोडी कोणत्याही जोडीसमोर लावत नाहीत. मोठ्या पटात गट पाडलेले असतात, गावगट वेगळा ठेवतात. नाहीतर घरचे नांगराचे बैल घेऊन हौसेनं आलेल्या माणसाला तळेगाव दशासरच्या पटात बक्षीस लागायचं कधी? गोल्फवाल्यांसमोरही हाच पेच होता, पण त्यांनी निव्वळ गट पाडून भागवलं नाही. कसलेला आणि नवशिका दोघांना एकाच स्पर्धेत उतरवलं आणि नवशिक्याच्या नावावर आधीच काही फटके जमा करून ठेवले. या जमा फटक्यांचा हिशेब म्हणजे हँडिकॅप.

आमच्या गावात हा विषय पारावर आला तो सुभेदारकाकांमुळे. काकांची बरीच नोकरी छावण्यांमध्ये गेली. तिथल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल बघता बघता ते स्वतः खेळायला लागले, आणि निवृत्त होऊन गावी आले तरी काठ्यांची पिशवी काही सुटली नाही. पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की ते धुऱ्यावरून चेंडू मारतात आणि पोरं धावत जाऊन गोळा करून आणतात. एकदा बोलता बोलता म्हणाले, ‘माझा हँडिकॅप १८.४ आहे.’ मग अर्थात त्याचा अर्थ सांगावा लागला.

‘म्हणजे ज्याले खेळता येत नाही त्याले फुकटचे मार्क?’ हा पारावरचा पहिला प्रश्न.

‘मंग मी त मुद्दामच खराब खेळीन ना काका!’ हा दुसरा, आणि तो लगेच आला.

दुसरा प्रश्न जास्त हुशारीचा आहे. हँडिकॅपचे जे नियम विनाकारण किचकट वाटतात, त्यातले निम्मे तरी याच प्रश्नाच्या बंदोबस्तासाठी लिहिलेले आहेत.

आधी खेळाची तोंडओळख. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितका खेळ चांगला. एका फेरीत १८ होल. प्रत्येक होलला एक ‘पार’ ठरवलेला असतो, म्हणजे निष्णात खेळाडूनं तो होल किती फटक्यांत संपवावा ही अपेक्षा. जवळच्याला ३, मधल्याला ४, लांबच्याला ५. सगळ्यांची बेरीज बहुतेक मोठ्या मैदानांवर ७० ते ७२ च्या आसपास येते. आता काकांनी ९४ फटके घेतले आणि त्या स्पर्धेत त्यांना १८ फटक्यांची सूट होती, तर त्यांचा निव्वळ स्कोअर ७६. त्याच दिवशी एका तरुण कॅप्टनसाहेबांनी ८२ मारले, पण त्यांना सूट फक्त ५ ची, म्हणजे ७७. काका जिंकले. बारा फटके जास्त घेऊन जिंकले!

व्यावसायिक खेळाडूंना ही सवलत नसते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. तिथे जेवढे मारले तेवढेच मोजले. हँडिकॅप आहे तो हौशी खेळाडूंसाठी.

तर मग काकांचे १८ फटके आले कुठून?

जानेवारी २०२० पर्यंत जगात याचे सहा वेगवेगळे हिशेब चालायचे. अमेरिकेचा एक, ब्रिटन-आयर्लंडचा एक, युरोपचा, ऑस्ट्रेलियाचा, दक्षिण आफ्रिकेचा आणि अर्जेंटिनाचा. त्यामुळे एकाच दर्जाच्या दोन माणसांचे आकडे देशागणिक वेगळे निघायचे. मग स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए ही संस्था आणि अमेरिकेची यूएसजीए यांनी मिळून सगळ्यांचा एकच हिशेब केला. त्याला वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम म्हणतात. भारतात इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली हाच हिशेब चालतो. या पद्धतीत प्रत्येकाला एक ‘हँडिकॅप इंडेक्स’ मिळतो. काकांचा १८.४ हा इंडेक्स आहे. स्त्री असो वा पुरुष, जास्तीत जास्त इंडेक्स ५४.०. म्हणजे अगदी काल काठी हातात धरलेल्यालाही जागा आहे. दुसऱ्या टोकाला शून्य, त्याला ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणतात. त्याहूनही भारी असेल तर आकड्याआधी अधिकचं चिन्ह लागतं, आणि त्या माणसाला फटके मिळत नाहीत, उलट परत करावे लागतात.

सुरुवात करायला ५४ होलचे स्कोअर लागतात. अठराच्या तीन फेऱ्या खेळा, नऊच्या सहा खेळा किंवा दोन्ही मिसळून खेळा. पण मैदान अधिकृतपणे मोजलेलं हवं आणि सोबत किमान एक माणूस हवा. काकांचा धुऱ्यावरचा सराव या दोन्ही अटींत बसत नाही, तो फक्त पोरांच्या हिशेबात.

मैदान मैदानात फरक

नुसता स्कोअर काहीच सांगत नाही. सपाट, मोकळ्या मैदानावरचे ९० आणि झाडी, नाले, वाळूचे खड्डे असलेल्या मैदानावरचे ९० हे एकसारखे नाहीत. म्हणून प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात, आणि खरी गंमत या दोन आकड्यांमध्ये आहे.

पहिला आकडा कोर्स रेटिंग: स्क्रॅच खेळाडू आपल्या चांगल्या दिवशी तिथे साधारण किती फटके घेईल. तो दशांशात असतो, उदाहरणार्थ ७०.८. याच्या जोडीला आणखी एक अंदाज काढतात, तो ‘बोगी’ खेळाडूचा, म्हणजे पुरुषांत ढोबळमानानं २० हँडिकॅपवाल्याचा. समजा तो ९४.० निघाला. दोघांमधलं अंतर २३.२. त्याला पुरुषांसाठी ५.३८१ नं गुणायचं (स्त्रियांसाठी ४.२४ नं), की मिळतो दुसरा आकडा, स्लोप रेटिंग. इथे तो १२५ येतो. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो आणि ११३ हा प्रमाण धरलेला आकडा.

दोन आकडे कशाला, एकानं भागलं नसतं का? नसतं, कारण मैदानाचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. समजा टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, १९० यार्डांवर आडवा नाला आहे. मोजणीसाठी जो स्क्रॅच पुरुष खेळाडू धरतात त्याचा पहिला फटका २५० यार्ड जातो, त्याच्या लेखी तो नाला नसल्यासारखाच. बोगी खेळाडूचा फटका २०० यार्डांचा धरतात, तोही घरंगळणं धरून. त्याचा चेंडू नेमका नाल्यात. एकाच नाल्यानं एकाचं काहीच बिघडलं नाही आणि दुसऱ्याचे फटके वाढले. स्लोप मोजतो ते हे: मैदान कच्च्या माणसाला पक्क्या माणसापेक्षा किती जास्त नडतं.

हे आकडे घरबसल्या देत नाहीत. प्रशिक्षित माणसं मैदानावर जाऊन होल न् होल तपासतात. लांबी, वारा, चढउतार, चेंडू जमिनीवर किती घरंगळतो, झाडं, पाणी, बंकर, ग्रीन (होलभोवतीचं कातरलेलं गवत) किती फसवं आहे, सगळं बघतात. समुद्रसपाटीपासूनची उंचीही धरतात, कारण उंचावर हवा विरळ आणि चेंडू लांब जातो. उद्या कुणी चिखलदऱ्याला मैदान काढलं तर हा मुद्दा लागू होईल. नागपूरच्या उंचीला नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली बाब म्हणजे त्यांच्या यादीत खेळाडूच्या मनावर येणाऱ्या दडपणालाही गुण आहेत. समोर पाणीच पाणी दिसलं की हात थरथरतो, हे त्यांनी कागदावर मान्य केलंय.

आता काकांची ९४ ची फेरी घ्या. ९४ मधून कोर्स रेटिंग ७०.८ वजा केलं, राहिले २३.२. त्याला ११३ नं गुणून १२५ नं भागलं: २१.० आले. याला डिफरन्शियल म्हणतात, म्हणजे त्या दिवसाच्या खेळाचा खरा भाव. दुसऱ्या एका सोप्या मैदानावर, जिथे रेटिंग ६८.५ आणि स्लोप १०५ आहे, काकांनी ९० मारले. बघणारा म्हणेल, वा, चार फटके कमी! पण हिशेब मांडा: ९० वजा ६८.५ म्हणजे २१.५, गुणिले ११३, भागिले १०५, उत्तर २३.१. म्हणजे खडतर मैदानावरचे ९४ हे सोप्यावरच्या ९० पेक्षा चांगले ठरले.

वीसातले आठ

इथे बहुतेक लोक चुकतात. त्यांना वाटतं, या सगळ्या डिफरन्शियलची सरासरी काढली की झाला हँडिकॅप. तसं नाही. शेवटच्या २० फेऱ्या घ्यायच्या, त्यातल्या सगळ्यात चांगल्या आठ निवडायच्या आणि फक्त त्या आठांची सरासरी काढायची. उरलेल्या बारा फेऱ्या कितीही वाईट असोत, आकड्यात त्यांना जागा नाही.

म्हणजे तुम्ही सरासरी कसे खेळता हे हँडिकॅप सांगतच नाही. जमून आलं तर कसे खेळू शकता, ते सांगतो. म्हणूनच आपल्या हँडिकॅपइतका किंवा त्याहून चांगला खेळ माणसाकडून साधारण चार-पाच फेऱ्यांतून एकदाच होतो. बाकी वेळा दोन-चार फटके जास्तच जातात. नवा खेळाडू याची तक्रार करतो, ‘माझा आकडा चुकीचा आहे, मला कधी जमतच नाही!’ आकडा बरोबर असतो.

पारावरच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. मुद्दाम दहा फेऱ्या खराब खेळलात तरी त्या दहा त्या बारांमध्ये जाऊन पडतील. आकडा फुगवायचा तर वीसपैकी बाराहून जास्त फेऱ्या बिघडवाव्या लागतील, आणि एवढा वेळ जाणूनबुजून वाईट खेळत राहणं हौशी माणसाच्या जिवावर येतं. पैसे देऊन, उन्हात चालून वाईट खेळायचं म्हणजे!

वीस फेऱ्या होईपर्यंत काय? त्याचा तक्ता आहे. तीन फेऱ्या झाल्या असतील तर सगळ्यात चांगली एक घेऊन त्यातून आणखी २.० वजा. समजा पहिले तीन डिफरन्शियल ३१.२, २८.६ आणि ३३.० आले, तर इंडेक्स २६.६. चार फेऱ्यांना एक वजा, पाचला काही नाही, सहा झाल्या की उत्तम दोनांची सरासरी आणि त्यातून एक वजा. असं करत करत एकोणिसाव्याला सात आणि विसाव्याला आठ. सुरुवातीची ही वजाबाकी कडक वाटते, पण नवशिका पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं सुधारतो, ते आधीच गृहीत धरलंय.

नऊ होलची फेरीही चालते. २०२४ च्या सुधारणेनंतर तुमच्या नऊ होलच्या खेळाला उरलेल्या नऊंचा तुमच्या दर्जानुसार अपेक्षित आकडा जोडतात आणि अठराचा डिफरन्शियल लगेच तयार करतात.

१८.४ चे १८ कसे झाले

इंडेक्स सोबत फिरतो, पण फटके प्रत्येक मैदानावर वेगळे मिळतात. सूत्र सरळ आहे: इंडेक्स गुणिले त्या मैदानाचा स्लोप, भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग व पार यांच्यातला फरक मिळवायचा. खडतर मैदानावर (पार ७२ धरू) काकांचे १८.४ होतात २०.३५, त्यातून १.२ गेले, राहिले १९.१५, म्हणजे १९. सोप्या मैदानावर, पार ७०, तेच १८.४ होतात १६. याला कोर्स हँडिकॅप म्हणतात. गणित कुणी करत बसत नाही. क्लबात तक्ता लावलेला असतो किंवा मोबाइल सांगतो.

आता स्पर्धेच्या प्रकाराप्रमाणे यातही काटछाट. दोघांच्या समोरासमोरच्या सामन्यात पूर्ण १०० टक्के फटके. सगळे एकत्र खेळून निव्वळ स्कोअरवर नंबर काढायचे असतील तर ९५ टक्के. काकांच्या १९.१५ चे ९५ टक्के म्हणजे १८.

हे पाच टक्के का कापले, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. कारण असं की कच्च्या खेळाडूचा खेळ फार खालीवर होतो. आज ८८, उद्या १०३. पक्का खेळाडू एका पट्ट्यात राहतो. दोघंच समोरासमोर असतील तर हे दोन्हीकडून सारखं पडतं. पण स्पर्धेत साठ-सत्तर माणसं असली की त्यातल्या एखाद्या कच्च्याचा तरी त्या दिवशी सूर लागतोच, आणि बक्षीस दरवेळी तिकडेच जाईल. म्हणून थोडी कात्री. दोन-दोनच्या जोड्यांनी खेळताना आणखी कमी: जोडीतल्या दोघांपैकी चांगला स्कोअर धरायच्या फोर-बॉलमध्ये स्कोअरवर ८५ टक्के, सामन्यात ९०.

मिळालेले फटके कुठल्या होलवर वापरायचे, हेही ठरलेलं. स्कोअरकार्डावर प्रत्येक होलसमोर १ ते १८ असा स्ट्रोक इंडेक्स छापलेला असतो. १९ फटके असतील तर प्रत्येक होलला एक आणि १ क्रमांकाच्या होलला दोन. सामन्यात मात्र दोघांतला फरकच देतात. १९ विरुद्ध ६ असेल तर कच्च्या माणसाला १ ते १३ क्रमांकाच्या होलवर एकेक फटका.

एक होल बिघडला तर

गोल्फमध्ये एखादा होल माणसाला खाऊन टाकतो. चेंडू बाभळीत गेला, मग खड्ड्यात, मग पाण्यात, आणि पार ४ च्या होलवर ११ झाले. हे ११ स्पर्धेच्या कार्डात राहतात. हँडिकॅपच्या हिशेबात मात्र एका होलला कमाल मर्यादा आहे: पार अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. काकांना तिथे एक फटका मिळत असेल तर ४ अधिक २ अधिक १, म्हणजे ७ च धरणार. याला नेट डबल बोगी म्हणतात. माणूस एका अपघातामुळे कमकुवत ठरू नये हा एक हेतू; आणि शेवटच्या होलवर मुद्दाम दहा-बारा मारून आकडा फुगवता येऊ नये हा दुसरा, न सांगितलेला.

हवामानाचाही विचार आहे. एखाद्या दिवशी सोसाट्याचा वारा सुटला आणि सगळ्यांचेच फटके वाढले, तर त्या मैदानावर त्या दिवशी किमान आठ पात्र स्कोअर आले असल्यास यंत्रणा अपेक्षित आणि प्रत्यक्ष खेळाची तुलना करते आणि त्या दिवसापुरती दुरुस्ती लावते: दिवस सोपा गेला तर एकाची, अवघड गेला तर तीनपर्यंत. बहुतेक दिवशी ही दुरुस्ती शून्यच असते. मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस अंशांत खेळणाऱ्याला स्वतंत्र सवलत नाही. सगळ्यांचे स्कोअर अपेक्षेपेक्षा बिघडले, तरच ती दिसते.

वाढू पाहणाऱ्या आकड्याला लगाम

या सगळ्या पद्धतीचा स्वभाव मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. तुम्ही सुधारलात तर आकडा कितीही वेगानं खाली येऊ देतात. तुम्ही बिघडलात म्हणालात, की संशयानं बघतात.

वीस फेऱ्या झालेल्या खेळाडूचा गेल्या ३६५ दिवसांतला सगळ्यात कमी इंडेक्स नोंदवून ठेवतात. समजा तो १४.० आहे. नव्या हिशेबानं इंडेक्स १९.० निघाला. पहिले ३.० पूर्ण वाढू देतात, म्हणजे १७.०. त्यापुढच्या वाढीचा निम्माच भाग देतात: उरलेल्या दोनांपैकी एक. इंडेक्स झाला १८.०. आणि हिशेब २४ निघो की २६, मूळ आकड्यापेक्षा ५.० च्या वर जाऊच देत नाहीत. म्हणजे १९.० ला गाडी थांबली.

उलट्या बाजूनं, कुणी अचानक फारच भारी खेळला तर त्याची वेगळी दखल. आपल्या इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ नं चांगला डिफरन्शियल आला तर नोंदीतल्या फेऱ्यांमधून एकेक वजा; १०.० किंवा जास्त असेल तर दोन-दोन. काकांनी उद्या ११.० चा डिफरन्शियल मारला तर फरक ७.४, म्हणजे एकाची कपात. वर्षभर रडत खेळणारा नेमका बक्षिसाच्या दिवशी उजळला, तर पुढच्या स्पर्धेत त्याचे फटके आधीच कापलेले असतील. जसजशा नव्या फेऱ्या येतात तसतशी ती कपात विरत जाते.

इतकं करूनही लबाडी पूर्ण थांबत नाही, हे मानायला हवं. बिघडलेली फेरी तेवढी नोंदवायची आणि चांगली खिशात ठेवायची, हा सगळ्यात जुना मार्ग. त्यावर उपाय गणितात नाही, माणसांत आहे: सोबत खेळणारा माणूस, सगळ्यांना दिसणारी नोंद, आणि क्लबाची हँडिकॅप समिती. समिती लपवलेल्या फेरीबद्दल दंडाचा स्कोअर लावू शकते, आकडा थेट बदलू शकते. छोट्या क्लबात समिती मित्रांचीच असते, तिथे हे जरा अवघड जातं.

हीच समिती दुसऱ्या बाजूनंही उपयोगी पडते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा खेळ खरोखरच बिघडतो, आणि पाचाची मर्यादा त्याच्यावर अन्याय करते. अशा वेळी समिती लगाम सैल करू शकते. माझ्या मते हा नियमांमधला सगळ्यात शहाणा भाग आहे, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

राहता राहिला काकांचा स्वतःचा प्रश्न. पेरणी सुरू झाली की वेचणी संपेपर्यंत ते मैदानाकडे फिरकत नाहीत. एवढ्या महिन्यांत १८.४ चं काय होतं? काहीच नाही. फेऱ्या तारखेनं शिळ्या होत नाहीत. नवी फेरी आली की एकविसावी बाहेर पडते, एवढंच. ते ३६५ दिवसही शेवटच्या खेळलेल्या फेरीपासून मागे मोजतात. क्लबाचं सभासदत्व चालू ठेवायचं आणि परत गेल्यावर पहिली फेरी, कितीही वाईट गेली असली तरी, त्याच दिवशी नोंदवायची. नवा इंडेक्स दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो.